विषाचं झाड बांधावर लावताना : कवितेवरून लघुपट करणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षी आम्ही सहा जणांनी मिळून अकरा मिनिटांचा लघुपट केला. इंग्रज कवी विल्यम ब्लेकची ‘अ पॉयझन ट्री’ ही सोळा ओळींची कविता, आणि ठिकाण सांगली जिल्ह्यातला खानापूर-आटपाडी पट्टा. आमच्यातल्या कुणीही फिल्म स्कूलचं तोंड पाहिलेलं नव्हतं. दोघे सांगलीच्या हौशी रंगभूमीवरचे, एक लग्नाचे व्हिडिओ काढणारा, बाकीचे माझ्यासारखे उत्साही. दोन-तीन महिन्यांत होईल वाटलेलं काम सहा महिन्यांच्याही वर गेलं. त्यातला बराचसा वेळ ज्या चुकांत गेला त्या तुम्हाला टाळता याव्यात म्हणून हे लिहितोय.

आधी कविता थोडक्यात. मित्रावर रागावलो, बोलून मोकळा झालो, राग संपला. वैऱ्यावर रागावलो, बोललो नाही, राग वाढला. मग त्या रागाला रात्री आणि सकाळी भीतीचं आणि आसवांचं पाणी घातलं, हसण्याचं ऊन दिलं. झाड वाढलं, त्याला एक लखलखीत सफरचंद लागलं. ते माझं आहे हे वैऱ्याला कळलं, रात्री तो बागेत शिरला, आणि सकाळी तो झाडाखाली आडवा पडलेला पाहून मला आनंद झाला. संपली कविता.

१. कविता कुणाची आहे ते आधी पाहा

हा भाग रुक्ष आहे, पण इथे चुकलात तर पुढचं सगळं पाण्यात जातं. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. ब्लेक १८२७ साली गेला, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. केशवसुत (१९०५), बालकवी (१९१८), मर्ढेकर (१९५६) यांच्या कविताही मोकळ्या झाल्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, नारायण सुर्वे २०१० साली. त्यांच्या कवितेवर काही करायचं तर वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी हवी. ‘आम्ही पैसे कमावणार नाही’ हे कारण परवानगीच्या जागी चालत नाही.

यात दोन सापळे आहेत. पहिला भाषांतराचा. मूळ कविता मोकळी असली तरी तिचं मराठी भाषांतर भाषांतरकाराच्या हक्कात असू शकतं. म्हणून आम्ही कुणाचंच भाषांतर घेतलं नाही, मूळ कवितेवरून स्वतः लिहिलं. दुसरा सापळा गाण्याचा. अभंग सातशे वर्षं जुना असेल, पण कुणीतरी गायलेलं त्याचं रेकॉर्डिंग जुनं नसतं. अभंग मोकळा, रेकॉर्डिंग मोकळं असेलच असं नाही. चाल कुणी बांधली आहे तेही पाहावं लागतं.

२. विशेषणं सोडा, क्रियापदं उचला

आमचा पहिला मसुदा वाचवत नव्हता. त्यात नायक मुठी आवळतो, भिंतीवर हात आपटतो, आरशात स्वतःकडे बघतो आणि मागून खर्जातल्या आवाजात कवितेचं वाचन. चाचणी म्हणून मोबाइलवर दोन प्रसंग काढले आणि घरी दाखवले. आई म्हणाली, “ह्याला ॲसिडिटी झालीय का?”

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. कवितेत दाबलेला राग आहे आणि आम्ही राग दाखवत बसलो होतो. दाबलेला राग दिसत नसतो, दिसतं ते त्याच्यावरचं झाकण. आपल्याकडे ते झाकण कसलं असतं ते आठवा. ज्याच्यावर डूख धरलाय त्यालाच माणूस जास्त आग्रहानं वाढतो, पाहुण्यांत त्याचंच कौतुक करतो, त्याच्या लेकीच्या लग्नात सगळ्यात पुढे राबतो.

म्हणून कागद घेऊन सोळा ओळींतली फक्त क्रियापदं लिहून काढा. सांगितला, संपला, सांगितला नाही, वाढला, पाणी घातलं, ऊन दिलं, फळ लागलं, त्यानं पाहिलं, ओळखलं, शिरला, पडलेला दिसला. कॅमेऱ्यापुढे करता येतात त्या या गोष्टी. प्रत्येकासाठी एक प्रसंग शोधला की पटकथेचा सांगाडा तयार होतो.

हे करताना एक गोष्ट हाती लागली आणि आम्ही अक्षरशः उड्या मारल्या. रागाला ‘खतपाणी घालणं’ हा वाक्प्रचार मराठीत आधीपासूनच आहे! इंग्रजी वाचकाला ब्लेकनं जी प्रतिमा उभी करून द्यावी लागली, ती आपल्या चावडीवर रोज वापरात आहे. तुमची कविता कुठलीही असो, तिच्या मध्यभागी असलेल्या प्रतिमेला आपल्या बोलीत काय म्हणतात ते आधी शोधा.

३. गोष्ट इथल्या मातीत उतरवा

मित्र कोण, वैरी कोण, सफरचंद कोणतं, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत पटकथेला हात लावू नका.

वैरी सोपा गेला. चुलत भाऊ, शेताला शेत लागून. धाकट्यानं नांगरताना बांध कोरला, एका सरीएवढाच. थोरला आण्णा सकाळी येतो, कोरलेला बांध बघतो आणि काहीच बोलत नाही. मोजणीचा अर्ज नाही, भांडण नाही. उलट हाक मारतो, “ये की रं, च्या घिऊ.” मित्रासाठी फवारणीचा पंप घेतला. मित्रानं उसना नेलेला पंप मोडून परत आणला, आण्णा त्याला गल्लीत उभा करून आईमाईवरून शिव्या देतो आणि पाचव्या मिनिटाला दोघे एकाच बिडीवर. हा प्रसंग सुरुवातीला हवाच. हा माणूस ओरडू शकतो, हे प्रेक्षकाला माहीत असलं तरच पुढचं त्याचं गप्प राहणं टोचतं.

ब्लेकच्या वहीतल्या कच्च्या खर्ड्यात या कवितेचं नाव वेगळं होतं, ‘ख्रिश्चन फॉरबेअरन्स’, म्हणजे ख्रिस्ती सोशिकपणा. १७९४ साली ‘साँग्ज ऑफ एक्स्पीरियन्स’मध्ये ती छापताना त्यानं ते बदललं. जुन्या नावातला टोमणा आम्हाला फार उपयोगी पडला. गावात ज्याला ‘लई सोशिक माणूस’ म्हणतात तोच हा. म्हणून पारावरच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडी तेवढं एकच वाक्य दिलं. अख्ख्या फिल्ममध्ये आण्णाच्या स्वभावाबद्दल कुणी बोलतं ते तेवढंच.

फळावरून मात्र महिनाभर वाद झाला. सफरचंद बाद, ते इथं फक्त गाड्यावर दिसतं. तासगावची द्राक्षं सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती, पण द्राक्षाचं एकटं झाड नसतं, मांडव असतो. शिवाय हंगामात कुठला बागायतदार सहा अनोळखी माणसांना बागेत फिरू देईल? शेवटी डाळिंब ठरलं. लाल, बांधावर एकटं उभं राहू शकणारं, काटे असलेलं, आणि बांधावरचं झाड नेमकं कुणाचं हा आमच्याकडचा सनातन प्रश्न. कवितेत वैऱ्याला कळतं की फळ ‘माझं’ आहे, आणि म्हणूनच तो ते चोरतो. भूक लागली म्हणून चोरत नाही. हे सुटलं तर वैरी नुसता भुरटा चोर होतो. म्हणून धाकट्याला त्याचा स्वतःचा एक प्रसंग द्या. आपल्या बाजूनं उभा राहून तो त्या फळाकडे बघतो, बस.

‘रात्री आणि सकाळी’ पाणी घालण्याचं तर आपोआप जुळलं. शेतीपंपाची लाईट आमच्या फीडरवर एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणारा माणूस इथं कुणालाही नवा नाही. आमचा आण्णा ठिबक चालू करतो आणि त्या एका झाडाला मात्र स्वतःच्या हातानं तांब्यानं पाणी घालतो. रडणं दाखवलंच नाही.

जाता जाता एक. लिहिताना आमच्यापुढे मुक्ताबाईचे ताटीचे अभंग होते. ज्ञानेश्वर रागावून झोपडीचं दार लावून बसतात आणि धाकटी बहीण बाहेरून विनवते, ‘विश्व रागे झाले वन्ही, संते सुखे व्हावे पाणी’. ब्लेकच्या कवितेत दार ठोठावणारं कुणीच नाही. आम्ही आण्णाला नऊ वर्षांची पुतणी दिली. ती धाकट्याचीच मुलगी, पण दिवसभर आण्णाच्या मागे-मागे. ती दोनदा विचारते, “आण्णा, तुमी चिडलाय का?” तो दोन्ही वेळा हसतो. अभंग फिल्ममध्ये कुठेच ऐकू येत नाही.

४. पटकथा दोन रकान्यांत लिहा

पानाच्या डावीकडे पात्र काय बोलतं ते, उजवीकडे त्याच वेळी ते काय गिळतं ते. असं:

बोलतो: “बस की. साकर कमी घालाय सांगू का?”
गिळतो: माझा बांध कोरून माझ्याच दारात चहा पितोस.

उजवा रकाना फक्त नटासाठी आहे, तो कधीही बोलायचा नाही. उजवीकडे काही सुचत नसेल तर तो प्रसंग काढून टाका. आमचे चार प्रसंग असेच गेले आणि फिल्म सतरा मिनिटांवरून अकरावर आली. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट धरा. निवेदनात कविता वाचून दाखवायचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरा. शेवटी पाटीवर ‘विल्यम ब्लेकच्या कवितेवरून’ एवढं लिहिलं की झालं.

५. कागद गोळा करा

एका फाइलमध्ये हे हवं:

- जागामालकाचं संमतीपत्र, त्यात तारखा आणि नुकसानीचं काय ते स्पष्ट. सामायिक जमीन असेल तर सगळ्या भावांच्या सह्या. बांधाच्या भांडणावर फिल्म करताना खऱ्या भावांत भांडण लावू नका!
- प्रत्येक कलाकाराचं आणि तंत्रज्ञाचं संमतीपत्र, मानधन शून्य असलं तरी.
- संगीत करणाऱ्याशी लेखी करार.
- ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला चित्रीकरणाच्या तारखांचं पत्र, पोच घेऊन.
- चौदा वर्षांखालचं मूल असेल तर पालकांची संमती आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही.
- बैल, कुत्रा, काहीही कॅमेऱ्यापुढे कामाला लावणार असाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी.

सरकारी जागा हवी असेल तर महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. वाई-मेणवलीचा घाट किंवा कास पठार डोक्यात असेल तर एकदा विचार करा. तिथं परवानग्या जास्त, गर्दी जास्त, आणि ती दृश्यं लोकांनी शंभर वेळा पाहिलेली असतात. कोरडा बांध फुकट मिळतो.

६. झाडाच्या वेळापत्रकानं चला

राग वाढतो हे दाखवायचं तर झाडही वाढताना दिसायला हवं, म्हणजे चित्रीकरण एका फेरीत होत नाही. डाळिंबाला कळीपासून तोडणीपर्यंत साधारण पाच ते सहा महिने लागतात. आम्ही मृग बहाराचं झाड धरलं. जुलैत लाल कळी, सप्टेंबरच्या शेवटी लिंबाएवढं हिरवं फळ, डिसेंबरात पिकलेलं. तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीत कॅमेरा त्याच जागी यावा म्हणून बांधात खुंटी ठोकून ठेवली होती. नटाला सांगा, सहा महिने मिशी आणि केस तसेच ठेवायचे. आमच्या धाकट्यानं दिवाळीत मिशी काढली. फिल्ममध्ये तो मध्येच टोपी घालू लागतो, त्याचं कारण हे.

मोठा दणका डिसेंबरात बसला. मालकानं ‘पंधरवडा आहे अजून’ म्हणून सांगितलं होतं, पण व्यापाऱ्याशी सौदा जमला आणि एका दिवसात बाग तुटली. आम्ही पोचलो तेव्हा बांधावरच्या झाडावरसुद्धा एक फळ नव्हतं. त्यांची चूक नव्हती, भाव आला की माल थांबवून कोण ठेवतो. सौद्यातली दोन डाळिंबं मागून आणली, देठ लांब ठेवून हिरव्या दोऱ्यानं फांदीला बांधली. जवळून घेताना कापलेला देठ पानाआड ठेवायचा, आणि वारा पडलेला असतानाच शॉट घ्यायचा, नाहीतर फळ घड्याळाच्या लंबकासारखं हलतं. तुम्ही सुरुवातीलाच त्या एका झाडाच्या फळांचे पैसे मालकाला देऊन टाका आणि ते संमतीपत्रात लिहा.

सुरक्षेचंही याच वेळी विचारून घ्या. डाळिंबावर फवारण्या खूप होतात. शेवटची फवारणी कधी झाली हे कळल्याशिवाय नटाला झाडाखाली झोपवू नका आणि झाडावरचं फळ कुणाला खायला देऊ नका. खाण्याच्या शॉटसाठी बाजारातलं धुतलेलं फळ वेगळं ठेवा. फवारणीचा पंप नवा, कधीच औषध न भरलेला. दुसऱ्या बागेतून थेट येत असाल तर मालक आत घेणार नाही. तेल्या रोग माणसांच्या हातापायांतून, अवजारांतून पसरतो आणि त्यांनी बागा जाताना पाहिलेल्या असतात.

७. नटाला कमी करायला लावा

सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यामुळे चांगला नट मिळायला अडचण नाही. अडचण वेगळी आहे. रंगभूमीचा नट शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला शिकलेला असतो, आणि इथे शेवटची रांग त्याच्या नाकापासून दोन फुटांवर आहे. ‘कमी कर, कमी कर’ म्हणून काही होत नाही. त्याच्या हाताला काम द्या. आण्णा बोलताना कायम काहीतरी करत असतो, ठिबकची नळी साफ करतो, दोरा गुंडाळतो, कपबशी पुसतो. राग हातात जातो, चेहरा आपोआप मोकळा राहतो.

शेवटचा शॉट सगळ्यात अवघड. धाकटा झाडाखाली आडवा पडलाय आणि आण्णाला आनंद होतो. ब्लेकनं ही कविता तांब्याच्या पत्र्यावर स्वतः कोरली, तेव्हा खाली झाडाखाली हात पसरून पडलेला माणूसही काढला, आणि बघणाऱ्याचा चेहरा काढला नाही. आम्ही तेरा टेक घेतले. हसला की खलनायक वाटायचा, गंभीर झाला की पश्चात्ताप वाटायचा. शेवटी नटाला म्हटलं, तू सकाळी उठलायस आणि रात्रभर पाऊस पडलेला तुला दिसलाय. त्यानं नुसता श्वास सोडला. तोच टेक ठेवला. विष, औषधाची बाटली, फेस असलं काहीही आम्ही दाखवलं नाही. ज्या भागात कीटकनाशकानं घरं उजाडली आहेत तिथं ते सोयीचं कथानक म्हणून वापरायचं नाही, असं आमचं ठरलं होतं.

८. कॅमेरा आणि आवाज

कॅमेऱ्याचं लवकर संपवतो. चांगला मोबाइल पुरतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बल्बखाली चित्र लुकलुकत नाही. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. ड्रोन नको. ही गोष्ट सहा फुटांच्या बांधाची आहे, आभाळातून तो दिसतही नाही.

पैसे टाकायचे तर आवाजावर टाका. कॉलरचा माइक, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपी, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्डिंग. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज घ्या, संकलनात दोन वाक्यांमधली भोकं त्यानंच बुजतात. ज्या फिल्ममध्ये माणसं बोलत नाहीत तिथं मोटरीची घरघर आणि ठिबकचा टिपटिप आवाज हेच संवाद असतात.

आणि आमच्या भागातला खास सापळा म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टरवाले मोठ्या आवाजात गाणी लावून जातात. ते गाणं तुमच्या ट्रॅकमध्ये शिरलं तर संवाद तर जातोच, शिवाय यूट्यूबवर चढवल्यावर कॉपीराइटचा दावा येतो. आम्हाला आला, चार सेकंदांसाठी. रस्त्यापासून आत जा किंवा पहाटे काढा.

९. संकलन, मग दाखवणं

संकलनात पहिल्यांदा पार्श्वसंगीत काढून बघा. संगीताशिवाय प्रसंग उभा राहत नसेल तर तो संगीतानंही उभा राहणार नाही. मग महोत्सवांसाठी इंग्रजी उपशीर्षकं करा. तिथं ब्लेकच्या ओळी चिकटवायचा मोह होईल, पण आण्णा जे बोलतो तेच भाषांतरित करा. यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही, चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवायचं असेल तर लागतं. बऱ्याच महोत्सवांना आधी ऑनलाइन न दाखवलेली फिल्म हवी असते, म्हणून क्रम उलटा करू नका.

कुठंही पाठवायच्या आधी जिथं काढली तिथं दाखवा. आम्ही मालकाच्या अंगणात पांढरी चादर बांधून दाखवली. कवितेबद्दल, रागाबद्दल कुणी काही बोललं नाही. धाकट्याचं काम करणाऱ्याला मात्र दोघा-तिघांनी खरोखरच रागानं विचारलं, बांध कशाला कोरलास म्हणून. मालक शेवटपर्यंत गप्प होते. नंतर चहा देताना म्हणाले, “समदं बेस हाय. पर त्यो माणूस त्या झाडाला लई पाणी घालतोय. येवडं पाणी एकदम दिलं तर डाळिंब तडकतं.”

दुसऱ्या दिवशी तांब्याचे दोन शॉट आम्ही काढून टाकले. तिसरा ठेवला.